माठात बुडवलेलं तापमान

राहात्याच्या एका भजनी मंडळाने आमच्या टेलिफोन कंपनीविरुद्ध लेखी तक्रार केली होती. मजकूर असा, की आपल्या कंपनीमुळे आमचा अभंग मध्येच थांबतो, तरी योग्य ती कारवाई व्हावी. खाली मंडळातल्या सगळ्यांच्या सह्या आणि एक अंगठा. हा कागद आमच्या ऑफिसात तीन टेबलं फिरला, लोक पोट धरधरून हसले आणि शेवटी तो माझ्याकडे आला. जे कुणालाच कळत नाही ते साळव्यांचं, म्हणजे माझं, खातं, असं नागापूरच्या ऑफिसात ठरूनच गेलं होतं.

प्रकरण साधं होतं. मंडळाचा तबलजी नोकरीसाठी राहात्याहून नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत आला. मंडळाला दुसरा तबलजी पसंत पडेना, म्हणून सराव व्हिडिओ कॉलवर करायचं ठरलं. तबलजी इथे ठेका धरायचा, मंडळी तिथे टाळ घेऊन बसायची. ठेका तिथे पोचायला जरासा उशीर व्हायचा, म्हणून मंडळी जरा थांबून गायची. त्यांचं गाणं इथे यायला आणखी उशीर, म्हणून तबलजी जरा थांबून वाजवायचा. तो थांबला म्हणून ते थांबायचे, ते थांबले म्हणून हा थांबायचा. तिसऱ्या चरणापर्यंत दोन्ही बाजू पडद्यावर एकमेकांकडे बघत गप्प बसलेल्या असायच्या. बुवा मला म्हणाले, "साहेब, समाधी लागल्यागत हुतं, पर अभंग काय पुरा हुत न्हाई."

झालं होतं असं, की राहात्याचा आवाज नागापूरला सरळ येतच नव्हता. तो आधी पुण्याला जायचा आणि तिथून वळसा घेऊन परत नगरला यायचा. कारण ज्या यंत्रातून तो आवाज जायला हवा, ते यंत्र पुण्यात ठेवलेलं होतं. मी ते उचलून राहात्यातल्या आमच्या यंत्रांच्या खोलीत ठेवलं आणि मंडळाचा अभंग पुरा झाला. मला नारळ मिळाला. तीस-एक वर्षांच्या नोकरीत ग्राहकाने दिलेला तो एकुलता एक नारळ.

यंत्र उचलून ठेवलं म्हणालो, पण मी खुर्चीवरून उठलोसुद्धा नव्हतो. पूर्वी आमच्याकडे खरोखरच लोखंडी कपाटं असायची. कॉल जोडणारं एक, गिऱ्हाईक ओळखणारं दुसरं, इंटरनेटवरचे चोर अडवणारं तिसरं. एकदा बसवलं की बसवलं, हलवायचं तर टेम्पो आणि सहा माणसं लागायची. आता त्या सगळ्या कपाटांचे प्रोग्राम झालेत. कुठल्याही साध्या कॉम्प्युटरवर ते चालतात आणि बसल्या जागेवरून इकडचे तिकडे नेता येतात. कुठला प्रोग्राम कुठल्या खोलीत ठेवायचा, हे बघणं म्हणजे माझी नोकरी.

लग्नाला आलेले पाहुणे कुणाकुणाच्या घरी उतरवायचे हे ज्याने कधी ठरवलंय, त्याला माझं काम लगेच कळेल. कुणाला मांडवाशेजारीच खोली हवी असते, कुणाला लांब चालतं. एकेकाचं सामान एवढं, की त्या खोलीत दुसरा माणूस मावत नाही. त्यात प्रत्येक महत्त्वाच्या प्रोग्रामला एक जुळा भाऊ असतो. एक आडवा झाला की दुसऱ्याने उभं राहायचं. म्हणून दोघांना एका छपराखाली कधी ठेवायचं नाही, नाहीतर तिथली लाईट गेली की दोघेही गेले.

हे सगळं मी पूर्वी डोक्याने करायचो. मग कंपनीने त्यासाठीही एक प्रोग्राम आणला. तो पुण्यात बसून सगळ्या खोल्यांची माहिती गोळा करायचा. कुठे किती जागा, कुठे किती वीज लागते, कुठे किती गरम. आणि मग कोणी कुठे राहायचं याचे हुकूम सोडायचा. स्वतः कधी यायचा नाही आणि कुणाचं ऐकायचाही नाही, म्हणून आम्ही त्याला सासरेबुवा म्हणायचो.

आमच्या भागात तीन खोल्या होत्या. एक राहात्याची, एक नागापूरची, जिथे मी स्वतः बसायचो, आणि तिसरी पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीच्या बाजूला एका गावात. त्या गावाचं नाव सांगत नाही, कारण का ते पुढे कळेलच. तिथली व्यवस्था बघायचे भाऊसाहेब ठुबे, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी लहान. नावातच साहेब असल्यामुळे पुण्याच्या लोकांना बरेच दिवस ते अधिकारीच वाटत होते आणि ऑफिसरांच्या मीटिंगची सगळी बोलावणी त्यांना जायची. भाऊसाहेबही कॅमेरा बंद करून इमानदारीत हजर राहायचे.

एका मीटिंगमध्ये पुण्याने जाहीर केलं, की तीनपैकी एक खोली बंद करायची. कुठली ते सासरेबुवाच ठरवणार. दोन महिने ते तिघींना जोखणार आणि जी सगळ्यात कमी कामाची, तिला कुलूप.

मीटिंग संपल्या संपल्या भाऊसाहेबांचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"साहेब, आपलीच जानार ना?"

मी गुळमुळीत काहीतरी बोललो. त्यांचा एसी म्हातारा झालेला, खोली तापायची, सासरेबुवा तिथे सहसा कुणाला पाठवायचेच नाहीत. निकाल मला दिसत होता.

"वीस वर्सं चाकनला वॉचमन हुतो," भाऊसाहेब म्हणाले. "बायको इथं, मी तिथं. आता कुठं दोगं एका ताटाला बसाय लागलोय. खोली गेली तर पुन्यांदा चाकन. आता न्हाई व्हायचं साहेब माझ्याच्यानं. ह्या परोग्रामला आवडतं तरी काय?"

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. आणि भरून आलेला माणूस जरा जास्तच बोलतो. मी म्हणालो, "भाऊसाहेब, सासरेबुवांना थंड खोली आवडते. तेवढं जमलं तर बघा."

"थंड व्हय?" ते म्हणाले. "बघतो."

एसीचा फिल्टर धुतील, खिडकीला पडदा लावतील, असं मला वाटलं. आठवड्याभराने बघतो तर पारनेरच्या खोलीचं तापमान एकदम खाली! बाहेर मे महिना भाजत होता, माझ्या नागापूरच्या खोलीत नवा एसी असून सत्तावीस, आणि तिथे बावीस. सासरेबुवा खूश झाले. त्यांनी आधी दोन पाहुणे तिकडे पाठवले, मग चार, आणि पंधरा दिवसांत राहात्याची आणि माझी खोली जवळपास रिकामी करून सगळं वऱ्हाड भाऊसाहेबांकडे नेऊन उतरवलं. जुळे भाऊ तेवढे पुण्यात ठेवले.

मी फोन केला. "काय केलंत काय, भाऊसाहेब?"

"काय न्हाई साहेब. निगा राखतो."

माझी छाती अभिमानाने फुगली आणि त्या फुगलेल्या छातीने मी एक गाढवपणा केला. पुण्याला लांबलचक मेल पाठवला, की साधनं तुटपुंजी असताना पारनेरच्या माणसाने खोली कशी थंड ठेवली आहे ते सगळ्यांनी बघावं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. निगडे मॅडम स्वतः बघायला येत आहेत. या मॅडम म्हणजे सासरेबुवांची सगळी सूत्रं ज्यांच्या हातात, त्या. वयाने माझ्या पोरीएवढ्या, पण बोलायला लागल्या की समोरचा आपोआप सावरून बसायचा.

त्या दिवशी मी सकाळीच नागापूरच्या खोलीला कुलूप लावलं आणि तासभर आधी पोचावं म्हणून पारनेरची वाट धरली. गावात लग्न होतं. खोलीच्या पलीकडच्या पटांगणात मांडव, लाऊडस्पीकर, धूळ, सगळा थाट. भाऊसाहेब खोलीच्या दारात उभे होते आणि घामाने त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता.

मी दार उघडलं आणि भट्टीचं तोंड उघडल्यासारखी वाफ अंगावर आली. यंत्रांचे पंखे केकाटत होते. मोबाईलवर बघितलं, खोलीचं तापमान बावीस.

"भाऊसाहेब, थर्मामीटर कुठाय?"

ते सदऱ्याने घाम पुसत राहिले. मीच वायर धरून माग काढत गेलो. वायर मागच्या भिंतीवरून खाली, फरशीवरून दाराखालून बाहेर आणि ओसरीवरच्या पिण्याच्या पाण्याच्या माठात. वर झाकण, झाकणावर उपडा पेला.

मी डोक्याला हात लावून ओसरीवरच बसलो.

"तुमीच म्हन्लाव, थंड आवडतं," भाऊसाहेब म्हणाले. "खोली काय थंड हुईना. मंग म्हन्लं, निदान ह्याला तरी गार वाटू दे."

राग यायला हवा होता, पण मला आधी हसूच आलं. मग घड्याळ बघितलं. मॅडम शिरूर ओलांडून निघाल्या होत्या. आम्ही ठरवलं, वायर काढून भिंतीवर लावायची. खरं तापमान दिसलं की सासरेबुवा घाबरून सगळे पाहुणे आपण होऊन पुण्याला हलवतील आणि खोली दहा मिनिटांत निवेल. पुढचं पुढे.

मी माठाच्या झाकणाला हात घातला, तेवढ्यात खोलीतले सगळे तांबडे दिवे एकदम लागले. हायवेच्या कडेला कुणीतरी पाइपलाइनसाठी जेसीबी लावला होता आणि त्याने पुण्याकडे जाणारी आमची केबल उखडली होती. कागदावर आमचे पुण्याला दोन वेगळे रस्ते होते, एक बंद पडला तर दुसरा चालू राहावा म्हणून. सासरेबुवांचाही त्या कागदावर पक्का विश्वास. पण खणणाऱ्याने मेहनत वाचवायला दोन्ही केबली एकाच चरात पुरल्या होत्या आणि जेसीबीने दोन्ही एका घासात खाल्ल्या.

म्हणजे काय झालं बघा. जुळे भाऊ पुण्यात, आणि पुण्याचा रस्ता बंद. सासरेबुवा पुण्यात, त्यांना आता काही दिसेना. आमच्या भागातला प्रत्येक फोन, कोण कुणाशी बोलतंय ते सगळं, या एका तापलेल्या खोलीवर येऊन पडलं. निम्मे पाहुणे राहात्याला हलवता आले असते, पण तो हुकूम फक्त नागापूरच्या कॉम्प्युटरवरून देता येतो आणि नागापूरच्या खोलीला मी माझ्या हाताने कुलूप लावून आलो होतो. अजून पंधरा मिनिटं असंच तापलं असतं तर यंत्रं स्वतःला वाचवायला आपोआप बंद झाली असती आणि सगळ्यांचे फोन मुके झाले असते.

"थंड करायचं ना?" भाऊसाहेब म्हणाले. "खरंखरं?"

"खरंखरं!" मी ओरडलो.

भाऊसाहेब धोतर आवरून मांडवाकडे पळाले. तिथे नवरदेवाच्या मागे दोन भलेमोठे कूलर लावले होते. भाऊसाहेबांनी सरळ एकाची वायर उपटली. नवरदेवाचे वडील अंगावर धावून आले.

"अहो, ओ! पोराच्या अंगाची काहिली हुतीय, दिसत न्हाई का?"

"नवरीचा मामा कुटं हाय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"येतोय. वाट चुकलाय, फोनवर इचारत इचारत येतोय."

"मंग हे कूलर द्या. न्हाई दिले तर फोन बंद, मामा गेला भलतीकडं, आन् नवरीला मांडवात तुमीच उचलून आना."

नवरदेवाच्या वडिलांनी स्वतःच दुसऱ्या कूलरला खांदा लावला. मांडवातले चार तरणे गडी धावले. झेंडूच्या माळांसकट दोन्ही कूलर खोलीच्या दारात आले. कुणी गोणपाट भिजवून खिडकीला लावलं. कुणाच्या घरून टेबलफॅन आला, त्यावर "वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट" असं लिहिलेलं. यंत्रांच्या खोलीत पाण्याचा कूलर लावणं आमच्या पुस्तकात महापाप आहे. मी ते पाप बाह्या वर करून, बादलीने पाणी ओतत, दोन तास केलं. पलीकडे मंगलाष्टकं सुरू झाली. नवरदेव घामाने निथळत होता, असं नंतर कळलं, पण मामा वेळेत पोचला होता.

निगडे मॅडम आल्या तेव्हा मी बादली हातात घेऊन उभा होतो, गळ्यात झेंडूची तुटलेली माळ अडकलेली. त्यांनी खोलीकडे बघितलं, कूलरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"लग्न नक्की कोणाचं आहे?" त्या म्हणाल्या.

मी धापा टाकत सगळं सांगितलं. केबल तुटली, पुणे बंद, सगळा भाग या खोलीवर चालू आहे. माठाचं तेवढं राहिलं. लपवायचं म्हणून नव्हे हो, त्या गोंधळात माठ मी साफ विसरलो होतो.

चारच्या सुमारास आमच्या माणसांनी केबल जोडली. तोवर एकही फोन बंद पडला नव्हता. सासरेबुवा जागे झाले आणि पारनेरची खोली बावीसवर बघून त्यांनी पुण्यातलेही दोन पाहुणे इकडे धाडले. मॅडम हसल्या, "कमाल आहे तुमची," म्हणाल्या आणि पाणी प्यायला ओसरीवर गेल्या.

त्यांनी झाकण काढलं, ओगराळं बुडवलं आणि वर काढलं. पाण्याबरोबर काळी वायर आली. ती कुठे जाते ते त्यांनी दारापर्यंत नजरेने बघून घेतलं. भाऊसाहेब पुढे झाले.

"मॅडम, साहेबांचा दोस न्हाई. म्या केलंय."

"का केलंत?"

भाऊसाहेबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. "तुमच्या परोग्रामला मी दिसत न्हाई, मॅडम. एसी दिसतो, लाईट दिसती, थंड-गरम दिसतं. मी इथं पाच वर्सं हाय, त्याच्या कागदावर मी कुटंच न्हाई. मंग त्याला जे दिसतं, तेच दाखिवलं."

मॅडमनी ओगराळं खाली ठेवलं. "तुम्ही दिवसभर करता तरी काय?"

भाऊसाहेब सांगत गेले. उंदीर हाकलतो. जनरेटरचं डिझेल बघतो. कुणाच्या रानात पाइपलाइन पडणार ते चावडीवर कळलं की आधी जाऊन केबलीच्या जागेवर चुना टाकून येतो. हायवेचा तुकडा माझ्याकडं न्हाई, न्हाईतर आजची केबल तुटली नसती. मॅडमनी वही काढली आणि ओसरीवर मांडी घालून सगळं लिहून घेतलं. माठातलं पाणी त्या प्यायल्या नाहीत, लग्नाच्या मांडवातून आणवलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आम्हा तिन्ही खोल्यांच्या माणसांना पुण्याला बोलावलं. थर्मामीटर आता भिंतीवर होता, पारनेरची खोली तिच्या खऱ्या तापासकट कागदावर आली होती. भाऊसाहेब इस्त्रीचा सदरा घालून आले होते आणि पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, परत गुंडाळत होते. मॅडम म्हणाल्या, प्रोग्राममध्ये एक नवीन रकाना घातला आहे आणि त्याला सगळ्यात जास्त वजन दिलं आहे. केबल तुटली तेव्हा जागेवर माणूस होता का?

राहात्याच्या माणसाने लिहिलं, होता. भाऊसाहेबांनी लिहिलं, हुता. कागद माझ्याकडे आला.

मी पेन हातात घेऊन बसलो. नागापूरला मी असतो तर निम्मं ओझं हलवलं असतं आणि नवरदेवाला घाम फुटला नसता. मी नव्हतो. आणि होतो म्हणून लिहिणार तरी कसं? बाईंनी मला बादलीसकट पाहिलं होतं. मी लिहिलं, नव्हता.

सासरेबुवांनी अर्ध्या मिनिटात निकाल दिला. नागापूर बंद.

भाऊसाहेबांना आधी कळलंच नाही. राहात्याच्या माणसाने त्यांच्या कानात सांगितलं, तेव्हा ते उठले आणि एवढ्या लोकांसमोर माझे दोन्ही हात धरले. मला आनंद झाला होता आणि वाईटही वाटत होतं, माझ्या त्या खोलीत माझी सोळा वर्षं गेली होती. बंद करण्याच्या कागदावर सही मलाच करायची होती, ती मी केली.

मला काढलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, तेवढी कुठूनही काम करा म्हणाले. मी पारनेरची खोली मागून घेतली. नवा एसी बसलाय, कोपऱ्यात माझं टेबल लावलंय. नियमाप्रमाणे खोलीचे प्रमुख भाऊसाहेब आहेत, म्हणून हजेरीचं बुक त्यांच्याकडे असतं. नगरची एसटी चुकली आणि मला उशीर झाला तर ते भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघतात आणि पेन माझ्यापुढे सरकवतात.